बाबागाडी घेऊन लेहला निघताना

साताऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"जूनमध्ये आम्ही सात दिवसांसाठी लेहला निघालोय. आम्ही दोघं, साडेचार वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा, शिवाय दीर, जाऊबाई आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. पुण्याहून दिल्ली आणि तिथून विमानाने थेट लेह. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात, मग पँगाँग तलावाच्या काठी तंबूत मुक्काम, असं दिरांनी ठरवलंय. यांचं म्हणणं, बाबागाडी बरोबर घेतली की बाळाचा प्रश्न मिटला. हे दरवर्षी हिल मॅरेथॉन पळतात, त्यामुळे यांना उंचीचं काही वाटत नाही. धाकट्याला मधूनमधून सर्दी होते, अजून अंगावर पितो. मी काही शंका काढली की 'तू घाबरटच आहेस' हे ठरलेलं उत्तर. मी खरंच उगाच घाबरतेय का? आणि बाबागाडी न्यायची की नाही?"

ताई, तुम्ही घाबरट नाही. घरातल्या सगळ्यांत धाकट्या माणसाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी लागतं, ते काम तुम्ही करताय. लेहला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. लेहला लहान मुलं जातात, तिथे जन्मतात आणि वाढतातही. पण हा सात दिवसांचा आराखडा जसाच्या तसा ठेवून जाऊ नका.

आधी आकडे सांगते, म्हणजे दिरांशी बोलताना हाताशी राहतील. आपलं सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई, ते १,६४६ मीटर. लेह ३,५०० मीटर. म्हणजे "आम्ही दर रविवारी कासला जातो, पोरांना सवय आहे" याचा इथे काही उपयोग नाही. तशी सवय करून घ्यायला आख्ख्या महाराष्ट्रात जागाच नाही. लेहच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याइतकंच, एकवीस टक्के असतं. पण हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात समुद्रकाठी जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश तिथे मिळतो. खारदुंगला सुमारे ५,३६० मीटरवर आहे, तिथे तर निम्माच. दिल्लीत सकाळी विमानात बसलेलं बाळ दीड तासात त्या हवेत उतरतं. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात, आणि ते दिवस कुठल्याही पॅकेजवाल्याला कापता येत नाहीत.

यजमानांच्या पळण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्याचा मला आदरच वाटतो. पण उंचीवरचा त्रास दमसास बघून येत नाही. धडधाकट तरुण पहिल्याच संध्याकाळी डोकं धरून बसलेला आणि त्याची साठीची आई मजेत चहा पितेय, असं तिथे सर्रास दिसतं. उलट पळणाऱ्या माणसाला धोका अंमळ जास्तच, कारण तो स्वस्थ बसत नाही. लष्करात जवानांना उंचीवर पाठवताना काय करतात ते आपल्या जिल्ह्यात कुणालाही विचारा. अपशिंग्यासारख्या गावात तर घरटी एखादा माणूस सांगेल. पहिल्या टप्प्याला सहा दिवस, तेही आधी आराम आणि मग हळूहळू चालणं, त्यानंतरच पुढची उंची. पंचविशीतल्या कसलेल्या जवानाला सहा दिवस देतात आणि आपण चौदा महिन्यांच्या बाळाला एक रात्र देतोय. दिरांपुढे एवढंच वाक्य ठेवा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही लेहला गेलो होतो. भाऊ तेव्हा तिथे पोस्टिंगवर होता. त्याने फोनवर दहादा बजावलं होतं, "ताई, पहिले दोन दिवस खोलीच्या बाहेर पडू नकोस." सकाळी उतरलो, दुपारी झोपलो, संध्याकाळी सगळ्यांनाच बरं वाटत होतं. म्हटलं, बाजारात एक चक्कर मारू, पोरगी बाबागाडीत बसेल, तिला कुठे चालायचंय! चढावर वीस पावलं गाडी ढकलली आणि मलाच धाप लागली. लेक मात्र अगदी शांत. मला कौतुकच वाटलं, कशी शहाण्यासारखी बसलीय. परत आलो तेव्हा घरमालकीण, जिला सगळे आमा-ले म्हणायचे, अंगणात होती. तिने गाडीत वाकून बघितलं आणि मला हिंदीत म्हणाली, "बच्ची खेल नहीं रही." तेव्हा मी मुठीकडे बघितलं. बाजारात निघताना हातात दिलेलं बिस्किट तसंच होतं, एकही चावा न घेतलेलं, मुठीत दाबून मऊ पडलेलं. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. रात्री दवाखान्यात काही तास ऑक्सिजन लावावा लागला आणि सकाळी ती दूध मागायला लागली. थोडक्यात निभावलं. पण तिचं ते शांत बसणं म्हणजे दुखणं होतं, आणि मी त्याचं कौतुक करत होते, हे मला अजून टोचतं.

म्हणून बाबागाडीबद्दल माझं पहिलं म्हणणं चाकांविषयी नाहीच. चालणारं पोर दमलं की बसकण मारतं, तुम्हाला कळतं. गाडीतलं पोर मलूल झालं तर झोप आली असेल, प्रवासाने दमलं असेल असंच वाटतं. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं, तो सांगतो. चौदा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते किरकिर करतं, अंगावर प्यायचं सोडतं, खेळणं पुढे केलं तरी बघत नाही, रात्री सारखं दचकून उठतं. एरवी आपण याला दात येताहेत म्हणू. लेहमध्ये पहिल्या तीन दिवसांत असं काहीही दिसलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीचंच समजायचं. त्रास बहुधा पोचल्यावर चार ते बारा तासांत सुरू होतो, म्हणजे नेमका आपण "आता बरं वाटतंय" म्हणून बाहेर पडतो तेव्हा.

रात्रीची आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. उंचीवर झोपेत श्वासाची लय बदलते. श्वास काही क्षण थांबल्यासारखा होतो, मग दोन-चार खोल श्वास, पुन्हा तसंच. मोठ्यांनाही होतं, मुलांनाही. पहिल्यांदा बघणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो, पण नुसतं एवढंच असेल आणि उठल्यावर बाळ हसतंखेळतं असेल तर घाबरायचं कारण नाही. दवाखाना गाठायचा तो वेगळ्या खुणांवर. स्वस्थ पडलेलं असतानाही भराभर श्वास चालणं, छाती आत ओढली जाणं, न थांबणारा खोकला, ओठ किंवा नखं निळसर पडणं, थोरलीचा चालताना तोल जाणं, बाळ नीट जागंच न होणं. यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्री दोनला टॅक्सी काढा. लेहचं सोनम नोरबू स्मारक रुग्णालय सरकारी आहे, उंचीच्या त्रासाचे पर्यटक तिथे नेहमीच येतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायचं तर न्या, पण इवल्याशा गार बोटावर ते धड आकडा दाखवत नाही. चांगला आकडा आला म्हणून मलूल पोराला घरी ठेवू नका.

यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. आणि लेहची मेख इथेच आहे. महाबळेश्वरला काही झालं तर तासाभरात वाईला उतरता येतं. लेहहून खाली यायला मुख्य रस्ते दोन. मनालीकडे जायचं तर तांगलांगला खिंड ५,३०० मीटरच्या पुढे, श्रीनगरकडे जायचं तर फोटूला खिंड ४,१०० मीटर. दोन्हीकडे वाटेत लेहपेक्षाही वर चढावं लागतं. झटकन खाली आणणारं वाहन म्हणजे विमान, आणि ती मुख्यतः सकाळच्या वेळात उडतात, हवा बिघडली तर रद्दही होतात. त्यामुळे त्रास होऊच नये अशी तजवीज हीच मुख्य तजवीज.

आता आराखडा. माझा सल्ला असा, की लेहमध्ये पहिले तीन मुक्काम एकाच जागी करा आणि पहिले दोन दिवस अक्षरशः काही करू नका. अंगण, ऊन, गोष्टी, झोप. खोली तळमजल्याची मागा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण कडेवर दहा किलोचं बाळ घेऊन दिवसातून सहा वेळा दोन जिने चढलात की आराम कसला आणि काय! खोली ठरवतानाच मालकांना विचारा, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का आणि बाळासाठी मऊ भात करून द्याल का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं हसती-खेळती असतील तर शे, ठिकसे इथले मठ बघा, मैदानावरून जाणारा जवळचा रस्ता आहे. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार एकमेकींना मिळतात, दोन रंगांचं पाणी वरून स्पष्ट दिसतं, थोरलीला ते कायमचं लक्षात राहील. पुढे अल्ची, जवळजवळ हजार वर्षांची भित्तिचित्रं असलेलं गाव, लेहपेक्षा साधारण चारशे मीटर खाली. तिथे एक मुक्काम केलात तर बाळाला उलट सोपं जाईल.

खारदुंगला आणि पँगाँग या खेपेला सोडा, निदान तुम्ही चौघं तरी. पँगाँगचा मुक्काम सव्वाचार हजार मीटरच्या वर होतो. तीन हजार मीटरच्या पुढे झोपायची उंची रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर मोठ्यांनाही सांगतात. लेहहून पँगाँग म्हणजे एका उडीत साडेसातशे. त्यात तंबू, रात्रीची थंडी आणि दवाखाना एक खिंड ओलांडून काही तासांवर. चौदा महिन्यांच्या बाळाला मी तिथे झोपवणार नाही. नुब्रातलं डिस्किट लेहपेक्षा खाली आहे हे खरं, पण तिथे जायला पाच हजारांची खिंड दोनदा ओलांडावी लागते, आणि वर गाडी बंद पडली किंवा रस्ता अडला की मुक्काम खिंडीतच.

मला माहीत आहे, तुमची खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे "सगळे मिळून जायचं तर सगळे मिळूनच" असतं. दिरांनी हौसेने ठरवलंय, त्यांच्या मुलाला पँगाँग बघायचंय, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडला असं तुम्हाला वाटायला लागेल. म्हणून बेत मोडूच नका. त्यांना म्हणा, "भाऊजी, लेहमध्ये तीन रात्री आपण सगळे एकत्र राहू, त्याचा फायदा तुम्हालाही आहे. मग तुम्ही तिघं नुब्रा-पँगाँग करून या, आम्ही मुलांना घेऊन अल्चीला थांबतो. शेवटी लेहमध्ये भेटू." हे बोलणं यजमानांकडून झालं तर उत्तम. शक्य असेल तर सातचे नऊ दिवस करा, आणि परतीच्या विमानानंतर पुढच्या प्रवासाला एक दिवस मोकळा ठेवा. सात दिवसांच्या वर रजाच मिळत नसेल तर मी स्पष्ट सांगते, या वर्षी श्रीनगरला जा. १,६०० मीटरच्या आत सगळं आहे, तळं आहे, बागांमधून बाबागाडी फिरवता येते. बाळ पाच-सहा वर्षांचं झालं की लेह कुठे पळून जात नाही. आणि भरपूर रजा असेल तर श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल असे मुक्काम घेत रस्त्याने वर चढा. सव्वाचारशे किलोमीटरचा कंटाळवाणा वळणांचा प्रवास आहे, पण शरीराला तोच मानवतो.

निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे दोघांनाही दाखवून आणा, आणि "फिरायला जातोय" एवढंच न सांगता "३,५०० मीटरवर जातोय" असं सांगा. जन्म वेळेआधी झाला होता का, काचेत ठेवलं होतं का, हृदयात छिद्र किंवा आवाज सांगितला होता का, दम्याची औषधं, रक्त कमी असणं, हे सगळं बोला. यांतल्या काही गोष्टी असतील तर जाऊच नये असं ते सांगतील, आणि ते ऐकावं. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी बरेच प्रवासी सर्रास घेतात. मुलांना ती वजनावर आणि डॉक्टरांनी लिहून दिली तरच. तुम्ही अंगावर पाजताय, तेव्हा स्वतः घ्यायची तरी विचारूनच. आणि धाकट्याच्या सर्दीबद्दल: निघायच्या आठवड्यात सर्दी, खोकला, ताप काहीही असलं तर तारीख पुढे ढकला. वाहत्या नाकाने उंचीवर गेलेल्या मुलाच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. म्हणून तिकिटं बदलता येतील अशीच काढा, चार पैसे जास्त गेले तरी.

कापराचं मात्र कळकळीने सांगते. लडाखला निघालं की शेजारपाजारच्या चार जणी कापराची पुरचुंडी आणून देतात. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, फक्त नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण लहान मुलाने कापराची वडी तोंडात घातली तर झटके येऊ शकतात, आणि चौदा महिन्यांचं बाळ हाती लागेल ते तोंडातच घालतं. बाळाच्या गळ्यात, झबल्याला, बाबागाडीला कुठेही ती पुरचुंडी बांधू नका. देणाऱ्याला नको म्हणवत नसेल तर घ्या आणि घरी देव्हाऱ्यात ठेवा. तसंच विमानात झोप लागावी म्हणून सर्दीचं गुंगीचं औषध देणं टाळा. उंचीवर श्वास मंदावणारी कुठलीही गोष्ट नको.

खाण्यापिण्याचं तुम्हाला मी काय शिकवायचं. फक्त एवढं लक्षात ठेवा, की तिथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातला डाळ-तांदूळ बराच वेळ शिजवला तरी कचवट राहू शकतो. बाळाची खिचडी कुकरमधलीच मागा. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, गूळ बरोबर न्या. भूक मंदावते, म्हणून थोडं थोडं, सारखं. हवा कोरडी असल्याने बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. दिवसभरातले ओले लंगोट किंवा डायपर मोजत राहिलात की पाणी पुरतंय का ते कळेल. नाकात सलाईनचे थेंब, ओठांना तूप. ऊन आपल्यापेक्षा फार प्रखर लागतं, तेव्हा कानटोपीबरोबर काठाची टोपीही हवी. आणि मोबाइल पोस्टपेड असू दे, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही.

आता बाबागाडी. न्या, पण हलकी, एका हाताने मिटणारी, खांदा-कंबर-पायांत पट्टे असलेली. ती पुणे आणि दिल्लीच्या विमानतळांवर सोन्यासारखी वाटेल, विमानाच्या किती जवळपर्यंत नेता येते ते कंपनीला आधीच विचारा. लेहमध्ये ती उपयोगी पडेल मुख्य बाजारात. तो भाग गाड्यांना बंद आहे आणि फरशी घातलेली आहे, बसायला जागा आहेत. तिथेही तिसऱ्या दिवसानंतर, आणि ढकलणाऱ्याने रमतगमत. बाकी लेह म्हणजे चढउतार, उघडी गटारं, धूळ आणि मोकाट कुत्री. राजवाड्याकडे जाणाऱ्या जुन्या वस्तीत बोळ आणि पायऱ्याच पायऱ्या. आपल्या अजिंक्यताऱ्यावर बाबागाडी नेण्यासारखं ते होईल. शांतिस्तूपाला पाचशेहून जास्त पायऱ्या असल्या तरी वरपर्यंत गाडीरस्ता आहे, टॅक्सीने जा. गाडीवर ऊन लागू नये म्हणून शाल पांघरू नका, आत कोंडतं आणि तापतं, शिवाय बाळाचा चेहरा दिसत नाही. तुम्हाला तो दिसायला हवा.

बाकी सगळीकडे पोटाशी बांधायची झोळी, म्हणजे बेबी कॅरियर. तो आतापासून वापरून बघा, नवा कोरा तिथे नेऊ नका. साताऱ्यातच राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत चारदा फिरलात की पट्टे कुठे काचतात ते समजेल. पाठीवरच्यापेक्षा पुढचा बरा, कारण बाळाचा श्वास तुमच्या छातीला कळतो. एक ध्यानात असू द्या: चालणारा गरम होतो, बांधलेलं बाळ हालचाल नसल्याने गार पडतं. तुम्हाला घाम फुटला तरी त्याची पावलं बर्फासारखी असू शकतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोज्यात बोट घालून बघा. आणि ओझं यजमानांना घेऊ द्या, पण पहिल्या दोन दिवसांत त्यांनाही नाही. पळणाऱ्या माणसाला हे सांगायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर हे सदर त्यांच्यासमोर ठेवा.

परतीच्या विमानात दिल्ली जवळ येऊन विमान खाली उतरायला लागलं की धाकट्याला अंगावर घ्या आणि थोरलीला चघळायला काहीतरी द्या, कान दुखतात ते तेव्हा.